एका नावाखाली दोघी बहिणी

वाचक विचारतात, अभ्यासक सांगतात

गेल्या अंकात इंग्लंडच्या राण्यांची बारा खंडांत चरित्रं लिहिणाऱ्या अ‍ॅग्नेस स्ट्रिकलँड यांची ओळख छापली होती. तिच्यात एक वाक्य असं होतं : 'या कामी थोरली बहीण एलिझाबेथ हिचीही मदत झाली.' त्या एका वाक्यावर पत्रं आली, आणि बहुतेक मराठवाड्यातून आली. काहींना एलिझाबेथबद्दल जाणून घ्यायचं आहे. काहीजणी स्वतः गावाचा, शाळेचा, घराण्याचा इतिहास जोडीनं लिहायला बसल्या आहेत आणि त्यांना कामातल्या अडचणी विचारायच्या आहेत. दोन्ही तऱ्हेचे प्रश्न एकत्रच घेतले आहेत.

लातूरहून एक प्राध्यापिका विचारतात : 'मदत' म्हणजे नेमकं काय? टिपणं काढून दिली, की लिहिलंसुद्धा?

लिहिलंसुद्धा. 'मदत' हा शब्द चुकला, तो इथे मागे घेतो. राण्या दोघींनी वाटून घेतल्या होत्या. एका राणीचं चरित्र पहिल्या कागदापासून शेवटच्या ओळीपर्यंत एकीचं, दुसरीचं दुसरीचं. खंडाच्या पहिल्या पानावर मात्र नाव एकट्या अ‍ॅग्नेसचं.

एलिझाबेथचा जन्म १७९४ चा, अ‍ॅग्नेसचा १७९६ चा. घर इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, सफोक परगण्यात, साउथवोल्ड गावालगतचं रेडन हॉल. सहा बहिणी आणि दोन भाऊ. वडिलांनी थोरल्या मुलींना घरीच बसवून शिकवलं. त्या काळात जे मुलांना शिकवत ते, म्हणजे लॅटिन आणि गणितही, आणि ग्रंथसंग्रह त्यांच्यासाठी मोकळा ठेवला. १८१८ मध्ये वडील गेले, घरची बाजू लंगडी पडली आणि मुलींनी लेखणी पोटासाठी धरली. सहापैकी पाच बहिणींची पुस्तकं छापली गेली. त्यांतल्या कॅथरीन आणि सुझॅना १८३२ साली नवऱ्यांबरोबर कॅनडाला गेल्या. तिथल्या जंगलतोडीच्या, वसाहतीच्या आयुष्यावर त्यांनी जे लिहिलं, ते कॅनडाच्या साहित्यात आजही पहिल्या पानांवर आहे.

एलिझाबेथ लंडनला राहून एक मासिक संपादित करत होती. राज्यकर्त्या स्त्रियांची छोटी चरित्रं तिनं त्यात लिहिली. पुढच्या मोठ्या कामाचं बी तिथं पडलं. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया गादीवर आली. राणी गादीवर असताना राण्यांचा इतिहास लोक वाचतील हे दोघींनी ओळखलं, अर्पणपत्रिकेसाठी व्हिक्टोरियाची परवानगी मिळवली आणि हेन्री कोलबर्न या प्रकाशकाशी करार केला. पहिला खंड १८४० चा, बारावा १८४८ चा. विजेत्या विल्यमची राणी मटिल्डा हिच्यापासून १७१४ साली वारलेल्या राणी अ‍ॅनपर्यंतचा हा पल्ला. आठ वर्षांत बारा खंड एका हातानं होत नाहीत. साधा हिशेब मांडला तरी दुसरा हात दिसतो.

वाटणीचं एक उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगं आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीचं चरित्र अ‍ॅग्नेसनं लिहिलं आणि मेरी ट्यूडरचं एलिझाबेथनं. ग्रंथालयाच्या यादीत शोधताना इथंच घोटाळा होतो, कारण 'एलिझाबेथ' हे नाव राणीचंही आणि लेखिकेचंही. मेरीचं प्रकरण धाडसाचं होतं. १५५३ ते १५५८ या तिच्या कारकिर्दीत २८० च्या वर प्रॉटेस्टंट माणसं जिवंत जाळली गेली. शाळकरी पोरांच्याही तोंडी तिचं नाव 'रक्तपिपासू मेरी' असंच होतं. एलिझाबेथ स्वतः प्रॉटेस्टंट पंथातली. तरी तिनं मेरीची पत्रं, दरबारी वकिलांची बातमीपत्रं आणि राजकन्या असतानाचा खासगी खर्चाचा हिशेब समोर ठेवला आणि त्या बाईला माणूस म्हणून उभं केलं. हा हिशेब १८३१ मध्येच छापून आला होता. कुणाला काय बक्षीस दिलं, कुठल्या मुलाच्या बारशाला काय पाठवलं, अशा नोंदी त्यात आहेत. लढाया आणि तह लिहिणाऱ्यांनी तो बाजूला ठेवला होता. टीकाकार तुटून पडले, लेखिका कॅथलिकांची बाजू घेते म्हणाले, आणि ते बोल ऐकावे लागले अ‍ॅग्नेसला. नावाचा मान तिला मिळाला, तसा मारही तिनंच खाल्ला. हेही तिच्या खात्यावर मांडायला हवं.

सरकारी कागद तेव्हा आजच्यासारखे मागितले की मिळत नसत. गृहमंत्र्याची परवानगी लागे. लॉर्ड जॉन रसेल यांनी ती नाकारली. ओळखीपाळखीतून खटपट झाली आणि त्यांच्यानंतर आलेल्या लॉर्ड नॉर्मनबी यांनी दिली. १८४४ मध्ये फ्रान्सचे मंत्री गिझो यांनी, जे स्वतः इतिहासकार होते, तिकडची दफ्तरं खुली केली. अ‍ॅग्नेस माणसांत मिसळणारी, सरदार घराण्यांच्या वाड्यांवर मुक्काम करून त्यांच्या पेट्या उघडून घेणारी. एलिझाबेथ एकांतात काम करणारी. एकीला दारं उघडता येत आणि दुसरीला दारं लावून बसता येई, म्हणून हे काम तडीस गेलं.

पुढंही जोडी टिकली. स्कॉटलंडच्या राण्यांचे आठ खंड १८५० ते १८५९ या काळात आले, त्यांतही एलिझाबेथची चरित्रं आहेत आणि नाव अ‍ॅग्नेसचंच. अ‍ॅग्नेस १८७४ च्या जुलैत गेली, एलिझाबेथ १८७५ च्या एप्रिलमध्ये. १८८७ साली त्यांची धाकटी बहीण जेन हिनं चरित्र लिहिलं, ते अ‍ॅग्नेसचं.

सेलूच्या एक वाचक : एलिझाबेथचं नाव अ‍ॅग्नेसनं दाबलं असं म्हणायचं का?

नाही. नाव नको हा एलिझाबेथचा स्वतःचा हट्ट होता. प्रसिद्धीचा तिला मनापासून तिटकारा होता. कराराच्या वेळी दोघी भागीदार होत्या आणि नाव गाळायचं ते तिच्या सांगण्यावरून. धाकट्या बहिणीला खलनायिका करण्याचा मोह टाळावा, कागद तसं सांगत नाहीत.

पण एवढ्यावर विषय मिटत नाही. नाव न छापणं हा तिचा निर्णय होता. तिच्या वाट्याचं काम विसरून जाणं हा पुढच्यांचा आळस आहे. ग्रंथालयांनी यादीत पहिल्या पानावरचं नाव घेतलं, लेखकांनी यादीवरून संदर्भ घेतले, आणि तीन पायऱ्यांत एक इतिहासकार बाई नाहीशी झाली. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. म्हणूनच ही चूक इतकी पक्की बसते. तुम्ही मेरी ट्यूडरवरचा उतारा वापरत असाल तर सरळ 'एलिझाबेथ स्ट्रिकलँड (अ‍ॅग्नेसच्या नावे प्रसिद्ध)' असं लिहा.

गंगाखेडहून एक शिक्षिका : आमच्या जनाबाईच्या अभंगात 'नामयाची दासी' येतं, त्यावरून कळतं की अभंग तिचा. या बहिणींच्या लिखाणात अशी काही खूण आहे का? भाषेवरून ओळखता येतं का?

फार नेमका प्रश्न. जनाबाईची मुद्रा, म्हणजे नावाची खूण, अभंगाच्या पोटात आहे. अभंग तोंडी गेला तरी मुद्रा बरोबर जाते. म्हणून तिचे अभंग नामदेवांच्या गाथेत छापले गेले तरी तिचेच राहिले. पुस्तकात लेखकाचं नाव बाहेरच्या पानावर असतं. ते पान बदललं, फाटलं की आत काही उरत नाही. (मुद्रेलाही डोळे झाकून मानू नये. लोकप्रिय संतांच्या मुद्रेनं नंतरच्यांनी रचना केल्याची उदाहरणं आहेत. जुनी हस्तलिखितं ताडूनच ठरवावं लागतं.)

भाषेवरून ओळखण्याचा प्रयत्न शेवटी करावा, आधी नको. दोघी एकाच बापाच्या हाताखाली, एकाच कपाटातली पुस्तकं वाचून वाढल्या, एकमेकींचं लिखाण तपासत. अशा घरात शब्दसंपत्ती आणि वाक्याची ठेवण सामाईकच असते. त्यावर छापखान्याच्या दुरुस्त्या चढतात. 'हा परिच्छेद मृदू आहे म्हणजे धाकटीचा' असले निष्कर्ष तर कुचकामीच.

पुरावा बघण्याचा क्रम असा ठेवा. आधी करार आणि पैशाच्या पावत्या, कारण पैसा कुणाला किती दिला हे सहसा खोटं लिहिलं जात नाही. मग काम चालू असतानाची पत्रं. 'माझी अमुक राणी संपली, आता तमुक घेते' असं एक वाक्य दहा अंदाजांपेक्षा मोलाचं. त्यानंतर हस्तलिखिताचं अक्षर. इथं फसगत होते ती अशी की छापखान्याला जाणारी स्वच्छ प्रत बऱ्याचदा ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडून करून घेतलेली असते. तेव्हा अक्षर स्वच्छ प्रतीचं नव्हे, खाडाखोडीच्या कच्च्या प्रतीचं बघा. खोडून नवा शब्द ज्या हातानं लिहिला, तो हात लेखकाचा. मग नातेवाइकांच्या आठवणी. आणि सगळ्यांत शेवटी शैली.

कंधारहून दोन बहिणी लिहितात : आम्ही आमच्या गावातल्या बायकांचा इतिहास लिहितो आहोत, साधारण १९४० ते १९९५. आक्का निवृत्त शिक्षिका, तिचं लिहिणं चांगलं. मी तहसीलला, जिल्ह्याला जाऊन कागद बघते आणि म्हाताऱ्या बायांशी बोलते. दोन वर्षं झाली. आता कोणतं टिपण कुणाचं, कोणतं कुठून घेतलं, याचा गुंता झालाय. कसं लावावं?

गुंता होण्याचं कारण बहुधा एकच असतं. टिपणं वहीत सलग लिहिलेली असतात. वही सलग असली की एका पानावर तीन ठिकाणचे कागद आणि दोघींची मतं एकत्र बसतात, आणि सहा महिन्यांनी कागदातलं वाक्य कोणतं आणि आपलं कोणतं हे लिहिणारीलाही सांगता येत नाही. वह्या फेकू नका, त्यांवर १ पासून क्रमांक घाला आणि तशाच ठेवा. पुढचं काम कार्डांवर करा.

पाच इंच बाय तीन इंचाची जाड कार्डं घ्या. स्टेशनरीवाल्याकडून कार्डशीट कापून घेतली तर स्वस्त पडतं. सुरुवातीला ५०० पुरतात. नियम एकच आणि तो मोडायचा नाही : एका कार्डावर एकच गोष्ट. कार्डावर सहा नोंदी हव्यात. कार्डाचा क्रमांक, कागद कुठला (कचेरी, दफ्तराचा किंवा फाइलचा क्रमांक, पान), मजकूर जसाच्या तसा, उतरवणारीचं आद्याक्षर आणि तारीख, ताळा घेणारीचं आद्याक्षर आणि तारीख, आणि शंका. तुमचं स्वतःचं मत लिहायचं असेल तर कार्ड उलटून मागे, वेगळ्या रंगानं. नमुन्यादाखल (धा. म्हणजे धाकटी, आ. म्हणजे आक्का; खासरा म्हणजे जमिनीच्या पाहणीची नोंद) :

'कार्ड ४७. खासरा पाहणी पत्रक, १९५४-५५, तहसील अभिलेख कक्ष. कब्जेदाराच्या रकान्यात : सखुबाई जौजे रामा. उतरवलं : धा., १२ जून. ताळा : आ., १४ जून, फोटोवरून. शंका : "जौजे" की "बेवा"? शाई फुटली आहे.'

शेवटची ओळ गाळू नका. 'जौजे' म्हणजे बायको, 'बेवा' म्हणजे विधवा. त्या एका शब्दावर सखुबाईच्या नावावर जमीन कशी आली हे सगळं प्रकरण फिरतं. शंका कार्डावर नसली की आक्का लिहिताना बिनधास्त 'विधवा सखुबाई' लिहून जाईल आणि तो तिचा दोष नसेल.

ताळा घेण्याची पद्धत जुनीच चांगली आहे. एकीनं मूळ कागद किंवा फोटो मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं कार्डावर बोट ठेवून बघायचं. उलट नको. मूळ वाचणारीला कार्डावर काय आहे हे आधी माहीत असलं की डोळा तेच वाचतो. सगळ्यांत जास्त चूक होते ती लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दानं संपतात तिथं. नजर वरच्या ओळीवरून थेट खालच्या ओळीच्या शेवटाला जाते आणि मधला मजकूर गळतो. खासऱ्यात आणि सेतवारात, म्हणजे जमिनीच्या नोंदवह्यांत, 'सदर', 'सदर' असं खाली खाली आलेलं असतं, तिथं हे हमखास होतं. ओळीखाली पट्टी ठेवून उतरवा.

कचेरीत शाईचं पेन नेऊ नका, शिसपेन्सिल न्या. फोटो काढायची परवानगी अर्जावर लेखी घ्या. पहिला फोटो फाइलच्या मुखपृष्ठाचा, क्रमांकासह, मगच आतली पानं. हे चुकलं की घरी आल्यावर दोनशे फोटो बेवारशी होतात. फोनमधल्या फाइलला त्याच संध्याकाळी नाव द्या : तारीख, फाइल क्रमांक, पान, आद्याक्षर. दोन प्रती दोन घरांत ठेवा.

आता म्हाताऱ्या बायांच्या मुलाखती. एका बैठकीला ४५ मिनिटांच्या वर जाऊ नका. त्यांना थकवा येतो आणि थकलेलं माणूस तुम्हाला हवं ते बोलू लागतं. आधी परवानगी, तीही आवाजात मुद्रित करून. एका तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात, म्हणून आठवड्याला दोनच मुलाखती घ्या, नाहीतर ढीग साचतो. ज्या बहिणीनं मुलाखत घेतली तिनंच उतरवावी. 'तवा', 'इकडं येळ झाली', 'रझाकाराच्या वक्ताला' हे जसं बोललं तसं राहू द्या. आक्काला ते शुद्ध करायचा हात शिवशिवेल, तिनं तो पुस्तकाच्या निवेदनात चालवावा, साक्षीत नाही.

साल विचारू नका, आठवणार नाही. घटनेला बांधून विचारा. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी की नंतर (सप्टेंबर १९४८)? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलात तेव्हा कडेवर कोण होतं? किल्लारीच्या भूकंपाला (३० सप्टेंबर १९९३) सून घरात आली होती का? अशा तीन खुंट्या मिळाल्या की मधली बरीचशी सालं एक-दोन वर्षांच्या फरकानं लागतात. आणि एका बाईनं सांगितलं तेवढ्यावर थांबू नका. दुसरी बाई, शक्य तर दुसऱ्या गल्लीतली आणि दुसऱ्या जातीतली, तेच सांगते का बघा. न जुळलं तर दोन्ही छापा.

शेवटी वाटणी. एक पातळ वही वेगळी करा, तिला 'कामाची नोंद' म्हणा. दर शनिवारी दोन ओळी : या आठवड्यात कुणी काय केलं. 'धा. : तहसील, खासरा, १९ कार्डं. आ. : दुसरं प्रकरण, पहिला खर्डा, ११ पानं. धा.नी वाचून तीन ठिकाणी बदल सुचवले.' एवढंच. वर्षाकाठी ती वही जेमतेम शंभरेक ओळींची होईल, पण दोघींचा वाटा तीच दाखवेल. आक्का लिहिते म्हणून पुस्तक आक्काचं, हे गावात आपोआप ठरून जातं. तुम्ही ठरू देऊ नका. कार्डं नसती तर आक्कानं लिहिलं काय असतं?

हिंगोलीहून : जुन्या कागदांत बायकांची नावं सापडतच नाहीत. कुठं बघावं?

नावं असतात, पण नात्याच्या शब्दामागे लपलेली. मराठी कागदांत 'कोम' म्हणजे अमुकची बायको ('गंगाबाई कोम बाळाजी'), 'बिन' म्हणजे अमुकचा मुलगा. निजामी अमलातल्या कागदांत 'जौजे', 'बेवा', आणि मुलासाठी 'वलद'. नाव शोधू नका, हे शब्द शोधा, नाव त्यांच्या आधी असतं.

मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ओळ आधी आखून तिच्याखाली सलग मजकूर. त्यामुळं 'गंगाबाईकोमबाळाजी' असा एकच लांब पट्टा दिसतो आणि नवखा वाचणारा 'बाळाजी' एवढंच टिपतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही मोडी पाळत नाही, तेव्हा नावाचं शुद्धलेखन तिच्यावरून ठरवू नये. उर्दू कागदांत अडचण वेगळी. तिथं जना, चना आणि हिना ही तीन नावं फक्त नुक्त्यांनी, म्हणजे टिंबांनी, वेगळी होतात, आणि घाईच्या शिकस्ता अक्षरात कारकून नुक्ते गाळतो. असं नाव आलं की त्याच घराची दुसरी नोंद, निदान पुढच्या-मागच्या वर्षाची, काढल्याशिवाय वाचन पक्कं करू नका.

उमरग्याहून : एका अर्जावर 'आबान १३५७ फसली' आहे. बहीण म्हणते १९४७, मी म्हणतो १९४८.

१९४८. फसली म्हणजे पिकांवरून धरलेलं महसुली साल. निजामी दफ्तराचं फसली साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आझूर महिन्यानं सुरू होतं. मग दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहेश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर आणि शेवटचा आबान. इसवी साल काढायला आझूर आणि दै या महिन्यांना ५९० मिळवायचे, इस्फंदारपासून पुढं ५९१. बहमन डिसेंबरात सुरू होऊन जानेवारीत शिरतो, तिथं तारीख बघावी लागते. आबान सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. म्हणजे तुमचा अर्ज ऐन पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांतला आहे, एका वर्षानं चुकला तर त्याचा अर्थच बदलतो. जपून ठेवा.

जुन्या मराठी कागदांतला फसली मात्र मृगापासून, म्हणजे जूनच्या सुमारास बदलतो. कागद कुठल्या दफ्तरातला हे आधी बघा, मग बेरीज करा. शकाला ७८, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. सुहूर सनाला (मराठेशाहीच्या कागदांतला अरबी सन) मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, नंतर ६००. पडताळ्याला पानिपत घ्या : शके १६८२, सुहूर ११६१, दोन्हींवरून जानेवारी १७६१ यायला हवा.

बीडहून एक विद्यार्थी : स्ट्रिकलँड भगिनींचे खंड वाचायचे तर कोणती आवृत्ती?

मूळ बारा खंड १८४० ते ४८ चे. १८५१-५२ मध्ये सुधारून आठ खंडांत काढले. दोन्हींची पानं जुळत नाहीत. संदर्भात आवृत्तीचं साल घातलं नाही तर तो निरुपयोगी ठरतो. आधी मेरी ट्यूडर वाचा आणि लगेच तिच्या पुढची एलिझाबेथ. दोन बहिणींनी दोन बहिणींवर लिहिलेलं एकापाठोपाठ वाचायला मिळेल.

जालन्याहून : आम्ही दोघींनी मिळून संस्थानकाळातल्या मुलींच्या शाळांवर पुस्तक लिहिलंय. थोरली बहीण म्हणते माझं नाव नको, मला बरं वाटत नाही. तिचं ऐकावं का? ऐकलं तर तिचा हक्क जातो का?

तिचं ऐकावं. मात्र आधी एकदा विचारा की नाव नको ते स्वभावानं, की घरातलं कुणी काही म्हणेल म्हणून. दुसरं कारण असेल तर थोडं थांबा, घाईनं छापू नका.

हक्क जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार दोघींचं लिखाण एकमेकींपासून वेगळं काढता येत नसेल तर ती संयुक्त कृती, आणि तिची मुदत दोघींपैकी जी नंतर जाईल तिच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. प्रकरणं वाटलेली असतील तर ज्याचं प्रकरण त्याचा हक्क. त्याच कायद्याचं कलम ५७ लेखकाला 'हे माझं' असं म्हणण्याचा अधिकार देतं आणि हक्क विकले तरी तो अधिकार उरतो. पण म्हणायला पुरावा लागतो.

म्हणून तीन कागद करा. एक, साध्या कागदावर दोघींचा लेखी करार : कोणतं प्रकरण कुणी लिहिलं, साहित्य कुणी जमवलं, मानधनाची वाटणी कशी, आणि 'नाव न छापणं हे थोरलीच्या इच्छेनं' हे वाक्य. दोघींच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, तारीख. दोन, प्रकाशकाशी होणाऱ्या करारात दोघींची नावं, मुखपृष्ठावर एकच असलं तरी. बिलं आणि धनादेश आपापल्या नावानं. तीन, कच्चे खर्डे. छापून झालं की घरातले लोक रद्दीत देतात ते हेच. खोडलेली पानं सुती नाडीनं बांधून, वर प्रकरणाचं नाव लिहून ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमट धरतं आणि शाई फुटते. पत्र्याखालच्या माळ्यावर तर अजिबात नको, आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-चार वर्षांत कागद कुरकुरीत होतो.

मनोगतात तिची हरकत नसेल तर नाव न घेता एक वाक्य घाला : 'या पुस्तकातली दुसरं, चौथं आणि पाचवं ही प्रकरणं माझ्या थोरल्या बहिणीनं लिहिली आहेत.' बहुतेकजणी एवढ्याला हो म्हणतात. तिनं यालाही नको म्हटलं, तर करार आणि खर्डे एका पाकिटात घालून, किती वर्षांनी उघडायचं हे तिलाच विचारून, तिच्याच हातानं ते साल पाकिटावर लिहून घ्या.